साभार परत

'साभार परत' या दोन शब्दांविषयी मराठीत विनोदच अधिक झाले. नवकवीच्या दारात पोस्टमनने आणून टाकलेले जाडजूड पाकीट, त्यातील छापील चिठ्ठी आणि त्या चिठ्ठीने दुखावलेला कविमनाचा अहंकार ही आपल्याकडील विनोदी लेखनाची हमखास सामग्री होती. पण त्या चिठ्ठीत एक सभ्यता होती, हे आमच्या लक्षात फार उशिरा आले. तुमचे लिखाण आमच्यापर्यंत पोचले, आम्ही ते पाहिले (निदान पाकीट उघडले), आणि आम्हाला ते नको आहे, अशी तीन विधाने त्या दोन शब्दांत सामावलेली असत. तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडले असेल तर हस्तलिखितही परत मिळे आणि लेखक ते दुसरीकडे धाडायला मोकळा होई. नकार हा एक व्यवहार होता, आणि तो पुरा केला जाई.

प्रस्तुत लेखातील आमची तक्रार ही सभ्यता लोप पावल्याची आहे. ती उद्भवली मात्र संपादकाच्या मेजावर नव्हे, तर भाड्याने घेतलेल्या एका सर्व्हरवर. साहित्याच्या विद्यार्थ्याने सर्व्हरच्या भानगडीत का पडावे, असे ज्यांना वाटेल त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की आज आपला एकूण एक पत्रव्यवहार, लेख मागवणे, स्वीकारणे, नाकारणे, प्रबंधाचे प्रकरण मार्गदर्शकाला धाडणे, चर्चासत्राचे निमंत्रण, हे सारे याच यंत्रांच्या हातून होते. ज्या हातातून आपली अक्षरे जातात तो हात कसा आहे हे पाहणे वाङ्मयबाह्य आहे, असे आम्हाला वाटत नाही.

आम्ही सहा जण मिळून एक अनियतकालिक चालवतो. सहाशेच्या आसपास वाचक, वर्षाकाठी तीन-चार अंक, प्रत्येक अंकासोबत एक संपादकीय पत्र. साठच्या दशकातील मंडळींनी सायक्लोस्टाइल यंत्राची शाई हाताला लावून घेतली ती केवळ पैसे नव्हते म्हणून नव्हे. यंत्र आपल्या ताब्यात असले की काय छापायचे हेही आपल्या ताब्यात राहते, ही जाण त्यामागे होती. त्याच हौसेने, किंवा हट्टाने म्हणा, आम्ही टपालाचे यंत्र आपले ठेवले. पोस्टफिक्स हा वित्से व्हेनेमा यांनी १९९८ साली जगाला मोफत देऊ केलेला कार्यक्रम, महिन्याकाठी थोडक्या भाड्याचा सर्व्हर आणि स्वतःच्या नावाचे डोमेन, एवढ्यावर आमचे टपाल कार्यालय उभे राहिले. आवक सुरळीत होती. रोग निघाला जावक टपालात.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापिकेने जात्यावरच्या ओव्यांवर एक दीर्घ लेख आमच्याकडे पाठवला होता. तीस वर्षांच्या टिपणांतून उतरलेला, आपल्या आईच्या आणि शेजारणींच्या तोंडच्या ओव्यांचा स्वतंत्रपणे विचार करणारा असा तो लेख होता. आम्ही तो एकमताने स्वीकारला आणि तसे कळवले. उत्तर नाही. महिन्याभराने पुन्हा लिहिले. उत्तर नाही. तिसरे पत्र त्यांच्या महाविद्यालयाच्या जुन्या पत्त्यावर धाडले. तरीही नाही. बाईंना लेख मागे घ्यायचा असावा, असे समजून आम्ही अंक त्याविना काढला. पुढे एका परिचिताकडून दूरध्वनी क्रमांक मिळाला तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्ही साभार परत म्हणून लिहून धाडलं असतं तरी चाललं असतं हो. काहीच आलं नाही, तेव्हा मी समजले काय समजायचं ते." टिपणांच्या वह्या त्यांनी बांधून माळ्यावर टाकल्या होत्या. लेखाची सुधारित प्रत करायचे त्यांच्या मनात होते, ते त्यांनी सोडून दिले होते.

त्या रात्री आम्ही जावक नोंदवही उघडली. सर्व्हर धाडलेल्या प्रत्येक पत्राची नोंद ठेवतो, कोणत्या क्षणी, कोणत्या यंत्राच्या दारी गेलो आणि त्याने काय उत्तर दिले याची. बाईंना धाडलेल्या तिन्ही पत्रांपुढे एकच उत्तर होते: २५०.

या आकड्याचा अर्थ सांगायला हवा. ईमेलचा बटवडा ज्या रिवाजाने होतो तो जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली आरएफसी ८२१ या दस्तऐवजात लिहून ठेवला. रिवाज कसला, तो एक संवादच आहे. पाठवणारे यंत्र दारात येऊन आपले नाव सांगते, पत्र कोणाकडून आहे ते सांगते, कोणासाठी आहे ते सांगते, मग मजकूर वाचून दाखवते आणि एका ओळीवर एकटा पूर्णविराम ठेवून थांबते. दारातले यंत्र प्रत्येक वाक्याला तीन आकडी उत्तर देते. दोनने सुरू होणारे उत्तर म्हणजे होकार, चारने सुरू होणारे म्हणजे आत्ता नाही, नंतर या, आणि पाचने सुरू होणारे म्हणजे नकार. आपल्या पोस्टमनला ही भाषा परकी वाटू नये. 'पत्ता अपुरा', 'घेण्यास नकार' हे त्याचे शेरे पाचशेच्या घरातले. 'घर बंद, सूचना दिली' हा चारशेच्या घरातला. शेरा मारलेले पाकीट परत येते आणि पाठवणाऱ्याला कळते की काय झाले.

मजकुरानंतर येणारे २५० हे या संवादातील सर्वांत गंभीर वाक्य होय. त्या क्षणी पत्राची जबाबदारी एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाते. २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलेले आहे: २५० म्हणणाऱ्याने पत्र पोचवण्याची किंवा पुढे धाडण्याची जबाबदारी घेतली आहे, ती त्याने गांभीर्याने घ्यावी, आणि पोचवता आले नाही तर पाठवणाऱ्याला कळवावे. निमूटपणे पत्र गिळून टाकण्याची मुभा तेथे आहे, पण ती पत्र घातक वा लबाडीचे असल्याची जवळजवळ खात्री असेल अशाच प्रसंगांपुरती. भाषाविचाराच्या परिभाषेत बोलायचे तर २५० हे वर्णन करणारे विधान नाही, ते कृती करणारे विधान आहे. ते वचन आहे.

आता कबुलीजबाब. स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या मंडळींची एक खोड असते. पत्र पोचले नाही की ती थेट महाकंपन्यांच्या नावाने शंख करतात. आम्हीही केला. पण नोंदवही शांतपणे वाचली तेव्हा आमचेच घर आधी झाडावे लागले, आणि त्यात बराच कचरा निघाला.

आमच्या यंत्राला दोन आयपी पत्ते होते, एक जुन्या पद्धतीचा आणि एक नव्या. जुन्या पत्त्याची उलटी नोंद, म्हणजे या क्रमांकाच्या घरात कोण राहते हे सांगणारी पीटीआर नोंद, आम्ही नीट करून ठेवली होती. नव्याची केलीच नव्हती. पोस्टफिक्स कधी या दाराने बाहेर पडे, कधी त्या. म्हणून काही पत्रे जात आणि काही परत येत, आणि आम्ही मात्र त्यात काहीतरी गूढ शोधत बसलो. यंत्र दारात स्वतःचे नाव सांगताना आमच्या डोमेनचे नाव न सांगता भाड्याने देणाऱ्या कंपनीने चिकटवलेले भलतेच नाव सांगत होते. दरवाजावरच्या पाटीवर एक नाव, तोंडी दुसरे. कोणीही संशय घेईल.

देवनागरीनेही आमची एक परीक्षा घेतली, आणि हा तपशील मराठी वाचकांसाठी थोडा विस्ताराने देतो. पत्राचा विषय रोमी लिपीत नसेल तर तो सांकेतिक रूपात बांधून पाठवावा लागतो. अशा एका पुडीत ७५ चिन्हांहून अधिक मावत नाहीत. लांब विषय असेल तर पुड्या अनेक कराव्या लागतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसह, तीन बाइट घेते. वरचे वेष्टन वजा जाता एका पुडीत ४५ बाइट बसतात, म्हणजे बरोबर पंधरा चिन्हे. आमच्या सहकाऱ्याने लिहिलेला छोटा कार्यक्रम दर पंचेचाळीस बाइटला कात्री लावत होता, आणि विषय एकाच लांबलचक शब्दाचा असेल तोवर ते निभावे. मध्ये एक मोकळी जागा आली की ती एकच बाइट घेते आणि गणित ढळते. कात्री थेट अक्षराच्या पोटातून जाते. प्रत्येक पुडीत अक्षरे अखंडच असावीत, असा नियम १९९६ सालापासून आरएफसी २०४७ मध्ये लिहिलेला आहे. आम्ही तो वाचला नव्हता. 'ओवी आणि स्त्रीचे स्वगत' या विषयाच्या जागी वाचकाला प्रश्नचिन्हांचा खडा दिसत असेल, तर असले पत्र गाळणीने संशयास्पद मानल्याबद्दल आम्ही तिला दोष देणार नाही. अक्षरे मोडून पाठवणाऱ्याने साहित्याच्या नावाने गळा काढू नये.

आणि चौथी चूक, जी आम्हाला अजून टोचते. पत्र खरोखर आमच्याकडूनच आले हे सिद्ध करण्याचे तीन उपाय गेल्या वीस वर्षांत रूढ झाले. एसपीएफ म्हणजे कोणकोणत्या यंत्रांना आमच्या नावाने टपाल नेण्याची परवानगी आहे याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे मजकुरावरची लाखेची मोहोर. मजकुराला हात लागला की ती फुटते. डीमार्क म्हणजे यादी आणि मोहोर दोन्ही जुळली नाहीत तर काय करावे याविषयी आपण दिलेली आज्ञा. आम्ही शहाणपणा दाखवून सर्वांत कडक आज्ञा देऊन ठेवली होती: नाकारा. आता बाईंच्या महाविद्यालयाचा पत्ता हा केवळ एक वळसा होता. तिथे आलेले पत्र त्यांच्या खासगी पत्त्याकडे पुढे धाडले जाई. पुढे धाडणारे यंत्र आमच्या यादीत असणे शक्यच नव्हते. त्यातून महाविद्यालयाची व्यवस्था प्रत्येक पत्राच्या माथ्यावर 'हे पत्र संस्थेबाहेरून आले आहे' अशी सूचना छापत असे. मोहोर फुटली. यादी जुळेना, मोहोर जुळेना, आणि अंतिम दारातल्या यंत्राने आमचीच आज्ञा पाळून आमचे पत्र नाकारले. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने अशीच कडक आज्ञा लागू केली तेव्हा जगभरच्या टपालयाद्या कोलमडल्या होत्या. दहा-अकरा वर्षांपूर्वीचा तो धडा आमच्यासमोर उघडा होता.

पण टोचते ते हे नव्हे. त्या तिसऱ्या पत्राचा नकार परत आला होता. कारणासह, क्रमांकासह, रीतसर. तो आला आमच्याच सर्व्हरवरच्या, परत आलेल्या टपालासाठी राखून ठेवलेल्या एका पत्त्यावर, आणि तो पत्ता आमच्यापैकी कोणीही दोन वर्षांत उघडला नव्हता. उघडला तेव्हा त्यात चारशेहून अधिक परतपत्रे होती. 'साभार परत'च्या सभ्यतेवर लेख लिहिणाऱ्यांनी साभार परत आलेली पाकिटे न फोडता कोनाड्यात रचून ठेवली होती. हे लपवून पुढचे बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, म्हणून सांगितले.

मग पहिल्या दोन पत्रांचे काय? ती तर थेट बाईंच्या खासगी पत्त्यावर, एका बलाढ्य कंपनीच्या मोफत टपालपेटीत गेली होती. तिथल्या दारानेही २५० म्हटले होते. आम्ही त्याच कंपनीची एक पेटी उघडली आणि स्वतःलाच ते पत्र पाठवून पाहिले. ते स्पॅमच्या कप्प्यात सापडले. साहजिकच होते, आमचे दोष तोवर दूर झाले नव्हते. मग एकेक दोष दूर केला. उलटी नोंद, नाव, विषयाच्या पुड्या, सारे. पुन्हा पाठवले. पत्राच्या माथ्यावर त्या कंपनीच्याच यंत्राने लिहिलेला पंचनामा असतो. एसपीएफ उत्तीर्ण, डीकेआयएम उत्तीर्ण, डीमार्क उत्तीर्ण. पत्र स्पॅमच्या कप्प्यात. आमचा आयपी पत्ता स्पॅमहाउससारख्या जबाबदार संस्थेच्या काळ्या यादीत नाही, हे तपासले. नव्हता. पुन्हा पाठवले. तोच कप्पा. त्या कप्प्यातले टपाल तीस दिवसांनी आपोआप नष्ट होते. बाईंच्या भाच्याने त्यांची पेटी पाहिली तोवर तीस दिवस केव्हाच उलटले होते.

आमचा आक्षेप नेमका येथे आहे आणि तो येथेच राहावा, अशी आमची इच्छा आहे. दाराने आम्हाला नाकारले असते तर आमची तक्रार नव्हती. दाराने 'स्वीकारले' म्हटले, पोचेची नोंद आमच्या वहीत पाडली, आणि मग पत्र अशा खोलीत नेऊन टाकले जिथे मालकीण कधी जात नाही आणि जी दर महिन्याला झाडली जाते. होय म्हणायचे आणि नाही करायचे. पाठवणाऱ्याला वाटते पोचले, घेणाऱ्याला वाटते पाठवलेच नाही, आणि दोघांच्या मध्ये जो आहे तो काहीच बोलत नाही. बाईंच्या लेखी आम्ही उद्धट होतो. आमच्या लेखी बाई लहरी होत्या.

यावर जाणकारांचे उत्तर ठरलेले आहे. कचरा टपालाचा लोंढाच एवढा आहे की प्रत्येकाला नकार कळवत बसलो तर ठकसेनांना चाचणीची सोय होईल. कशाने अडते आणि कशाने सुटते ते त्यांना कळेल. या उत्तरात तथ्य आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी १९७८ च्या मे महिन्यात अर्पानेटवरच्या शेकडो लोकांना एकगठ्ठा जाहिरात धाडली, तेव्हापासून हा लोंढा वाहतो आहे आणि त्याच्याशी झुंजणाऱ्यांचे ऋण आम्ही मानतो. पण संशय घेण्याची सभ्य रीतही याच जगात शोधली गेली. इव्हन हॅरिस यांनी २००३ साली सुचवलेली ग्रेलिस्टिंगची युक्ती पाहा. अनोळखी यंत्र दारात आले की त्याला फक्त 'थोड्या वेळाने या' असे चारशेच्या घरातले उत्तर द्यायचे. ठकसेनाला थांबायला सवड नसते. खरा टपालवाला पुन्हा येतो. आमचे पोस्टफिक्स तर मुळातच पाच दिवस फेऱ्या मारायला तयार असते. यात कोणी कोणाला खोटे सांगत नाही. शिवाय ठकसेनाला चाचणी करायची असेल तर तो आमच्यासारखीच एक मोफत पेटी उघडून कप्पा पाहू शकतो. तो हजार पेट्या उघडेल. मौनाने फसतो तो साधा माणूसच.

नकाराची स्पष्ट भाषा मोठ्यांना येत नाही असेही नाही. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी नियम जाहीर केले: प्रत्येक पाठवणाऱ्याची उलटी नोंद हवी, यादी किंवा मोहोर हवी, दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्याला तिन्ही उपाय हवेत, नाव कमी करण्याची एका टिचकीची सोय हवी, आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत हवे. २०२५ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने मोठ्या पाठवणाऱ्यांसाठी तसेच केले. हे नियम आम्हाला जाचक वाटत नाहीत. लिहिलेला नियम वाचता येतो, पाळता येतो, त्याच्याशी भांडता येते. आमच्या नव्या आयपी पत्त्यावरून गेलेली पत्रे ज्यांनी पाचशेचा आकडा आणि कारण देऊन परत केली त्यांच्यामुळेच आम्हाला आमची चूक कळली. नाकारणारे आमचे शिक्षक ठरले. स्वीकारणाऱ्यांनीच अंधारात ठेवले.

लिहिलेल्या नियमापलीकडे जे उरते त्याला या धंद्यात 'प्रतिष्ठा' म्हणतात. शब्द पाहून साहित्यातल्या माणसाला हसू येईल. ही प्रतिष्ठा भरपूर टपाल पाठवून, ते वाचले जाऊन मिळते. थोडे पाठवणाऱ्याला ती मिळत नाही, वाईटही मिळत नाही; तो अनोळखीच राहतो, आणि अनोळखी म्हणून संशयित. गूगलने पाठवणाऱ्यांसाठी पोस्टमास्टर टूल्स नावाचा आरसा ठेवला आहे, त्यात आपली प्रतिमा दिसावी असा हेतू. फार थोडे टपाल असणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. शेजाऱ्यांची पापेही अंगाला लागतात: युसीईप्रोटेक्ट नावाची काळी यादी तिसऱ्या पातळीवर एका सेवादात्याचे सबंध जाळेच यादीत टाकते, आणि लवकर बाहेर पडायचे तर पैसे मोजायची सोयही ठेवते. ज्यांचे छापून आले आहे त्यांचेच छापावे, या आपल्या परिचित न्यायाचे हे यंत्रावतार आहेत. आपल्या संपादकांना आपण त्यासाठी निदान नावानिशी शिव्या देऊ शकत होतो.

त्या बलाढ्य कंपनीच्या अर्जाच्या पानावर आम्ही अर्ज भरला. पंधरा दिवसांनी एक छापील उत्तर आले की सुरक्षेच्या कारणास्तव तपशील देता येत नाहीत. खाली सही नव्हती. आम्हाला १९१० चा प्रेस ॲक्ट आठवला. त्या कायद्याने नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांची अनामत मागितली होती. मजकूर सरकारला खटकला की अनामत जप्त. वसाहतीचा तो दमनकारी कायदा होता आणि तुलना ताणण्याची आमची इच्छा नाही; आमच्या दारी पोलीस आले नाहीत, कोणाची उपजीविका गेली नाही. पण त्या कायद्यातही जप्तीचा हुकूम लेखी असे, त्यावर अधिकारी असे, आणि दोन महिन्यांत उच्च न्यायालयाच्या खास पीठाकडे दाद मागता येई. १९१६ साली ॲनी बेझंट यांनी 'न्यू इंडिया'साठी मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्या हरल्या. त्यांच्या हरण्याचा निकाल मात्र लिहिलेला आहे. कायदा १९२२ साली रद्द झाला, तो होऊ शकला कारण तो कोणता हे सर्वांना ठाऊक होते.

"मग त्याच कंपनीची मोफत सेवा घ्या, सगळे प्राध्यापक तेच करतात," असे आम्हाला आमच्याच विभागात ऐकवले जाते. होय, सगळे तेच करतात. सेंडमेल हा टपालाचा आद्य कार्यक्रम एरिक ऑलमन यांनी बर्कली विद्यापीठात लिहिला. आज बर्कली गूगलची भाडेकरू आहे. एक्झिम हा दुसरा मोठा कार्यक्रम फिलिप हेझल यांनी १९९५ साली केंब्रिजमध्ये लिहिला. त्या केंब्रिजनेही 'हर्मिस' ही आपली टपालसेवा मोडून मायक्रोसॉफ्टकडे बिऱ्हाड हलवले. ज्यांनी टपाल कार्यालये बांधायला जगाला शिकवले त्यांनाच स्वतःचे कार्यालय परवडेनासे झाले. भाडेकरूपणाची चव विद्यापीठांनी नंतर घेतलीही. अमर्याद साठवण म्हणून सुरू झालेल्या गूगलच्या शैक्षणिक सेवेला २०२१ साली मर्यादा जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी एका संस्थेला मिळून शंभर टेराबाइटची चौकट पडली. सेवा मोफत देणाऱ्याने हात आखडता घेतला तर त्यात बेकायदेशीर काही नाही. आमचे म्हणणे इतकेच की प्रत्येक जण आत राहायला गेला म्हणूनच बाहेर राहिलेल्याचे पत्र संशयित ठरते. 'सगळे तेच करतात' हे कारण नाही, तो रोगच आहे.

आमच्यातील एका सहकाऱ्याचा आग्रह आहे की जावक टपाल तेवढे पोचवणाऱ्या एखाद्या ठेकेदार सेवेकडे सोपवावे. तिची प्रतिष्ठा तयार असते. बाकीच्यांचा विरोध आहे, कारण वाचकांची यादी त्यांच्या हाती जाते आणि अशा सेवा पत्रात, कोणी केव्हा उघडले हे मोजणारे अदृश्य चित्र टाकायला उत्सुक असतात. कविता कोणी किती वेळा उघडली हे आम्हाला मोजायचे नाही. पण त्या सहकाऱ्याचा प्रश्न खोटा नाही: बाईंचे पत्र पोचले असते ना? पोचले असते. हा वाद आमच्यात मिटलेला नाही.

मागणी मात्र आमची एकमुखी आहे. पत्र नको असेल तर दारातच नाकारा, आकडा आणि कारण द्या. शंका असेल तर नंतर यायला सांगा. वाचायचे की नाही हे पत्र ज्याला लिहिले त्याला ठरवू द्या; त्याने आमचे पत्र न वाचता टाकले तर तो त्याचा हक्क आहे, तुमच्या गाळणीचा नव्हे. आणि जे पत्र आत घेऊन बाजूला सारणार असाल त्यापुढे २५० म्हणू नका.

आम्ही डीमार्कची आज्ञा सौम्य केली आहे. परत आलेल्या टपालाचा पत्ता दर सोमवारी आळीपाळीने एक जण उघडतो. बाईंना स्वीकृतीचे पत्र शेवटी कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवले (रजिस्टर्ड पोस्ट आता त्यातच विलीन झाले आहे) आणि चौथ्या दिवशी त्यांच्या सहीची पोच आली. लेख येईल की नाही, हे त्यांनी अजून कळवलेले नाही. वह्या माळ्यावरून खाली घेतल्या आहेत, एवढे भाच्याने सांगितले.

याच सुमारास आमच्या स्वतःच्या संपादकीय खणात, गेल्या दीड वर्षात आलेली आणि कसलेच उत्तर न दिलेली अकरा लिखाणे निघाली. तीन स्वीकारली. आठ जणांना, प्रत्येकी चार ओळींच्या कारणासह, साभार परत पाठवली. नोंदवहीत आठांपुढे २५० पडले आहे. पाच जणांची उत्तरे आली, त्यांतील दोन चांगलीच तिखट. उरलेल्या तिघांना आता दूरध्वनी करायचे ठरले आहे.